पाच तासांची बैठक, फाईल म्हणते ५१ मिनिटं

आमच्या मंडळाची गाण्याची बैठक रात्री दहाला सुरू झाली आणि पहाटे तीनला भैरवीने संपली. ऑनलाइन प्रक्षेपण मी घरून लॅपटॉपवर रेकॉर्ड करत होतो. सकाळी फाईल उघडली तर लांबी ५१ मिनिटं २७ सेकंद! सुरुवातीचा यमन, तोही अर्धवट तुटलेला. भैरवीचा पत्ताच नाही.

रेकॉर्डचं बटण कुठे असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच, ते सोडतो. पण मी ज्या खड्ड्यात पडलो तो नीट सांगतो.

माझी फाईल डब्ल्यूएव्ही होती, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी. तिच्या सुरुवातीला हेडर, म्हणजे माहितीची छोटी पाटी, असतं. आत किती बाइट आवाज आहे तो आकडा त्यात लिहितात, आणि त्याला जागा ३२ बिटांचीच. ४ जीबीच्या पुढचा आकडा तिथे मावत नाही. जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९९९ नंतर परत शून्यावर यायचं ना, तसंच. माझं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने), २४ बिट (एका नमुन्याचं माप), स्टिरिओ (डावी-उजवी बाजू वेगळी), म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. ४ तास ८ मिनिटं ३३ सेकंदांनी माझं मीटर फिरलं. पाच तासांतून तेवढे वजा करा, ५१:२७ उरतात. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर हीच वेळ पावणेसात तासांनी येते, म्हणून पुष्कळांच्या वाट्याला हे कधी येतच नाही.

घाबरून फाईल डिलीट करू नका. फॅट३२ (४ जीबीहून मोठी फाईल न घेणारी मांडणी) असलेल्या पेनड्राइव्हवर रेकॉर्ड केलं असेल तर ४ जीबीनंतरचं खरंच गेलं, त्याला इलाज नाही. माझी डिस्क एनटीएफएस (ही मर्यादा नसलेली मांडणी) होती आणि फाईलचा साइज ४.८ जीबी दिसत होता, म्हणजे गाणं आत होतं. ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये इम्पोर्टमधून 'रॉ डेटा' (हेडर न वाचता नुसते बाइट घेणं) निवडला: २४ बिट, लिटल-एंडियन (बाइटांचा क्रम), स्टिरिओ, ४८०००. आधी नुसती खरखर. पोटात गोळाच आला. हेडरचे ४४ बाइट वगळायचे राहिले होते. २४ बिटांचा एक नमुना ३ बाइटांचा. ४४ला ३ने भाग जात नाही, म्हणून प्रत्येक नमुना मधोमध चिरला जात होता. ऑफसेटमध्ये (सुरुवातीचे किती बाइट सोडायचे त्या रकान्यात) ४४ टाकले आणि तानपुरे ऐकू आले.

"२४ बिटच घे, दर्जा महत्त्वाचा" हे सांगणारे एक जाणकार मला भेटले होते. अशा जाणकारांपासून जरा जपून. स्ट्रीम मुळात १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिट) एएसी, म्हणजे आधीच दाबून लहान केलेला आवाज! पाणी घातलेलं दूध मोठ्या कळशीत ओतलं म्हणून घट्ट होत नाही. एफएफएमपेग या प्रोग्रामने तो प्रवाह जसाच्या तसा कॉपी केला तर पाच तास सुमारे २८८ एमबीत बसतात. डब्ल्यूएव्हीच हवी असेल तर आरएफ६४ (डब्ल्यूएव्हीचाच मोठ्या फाईलींसाठीचा प्रकार) चालू ठेवा, त्यात आकड्याला ६४ बिट मिळतात.

मात्र थेट एमफोरए (.m4a) फाईलमध्ये रेकॉर्ड करू नका. त्याची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली की फाईल उघडतच नाही. साध्या एएसी (.aac) फाईलमध्ये घ्या, तासातासाचे तुकडे पाडा. त्या तुकड्यांची लांबी प्लेयर अंदाजाने दाखवतो, कधी चक्क दुप्पट. त्यात तुमची चूक नाही. काम झाल्यावर कॉपी करून एमफोरएत घातलं की आकडा ठीक होतो.

आणि नेट तुटलं तर तेवढी मिनिटं कमी भरणारच, ती कुठलंही सेटिंग परत आणत नाही. मी आता बैठक संपल्याची वेळ वहीत लिहितो, फाईलची लांबी शेजारी मांडतो आणि भैरवी शेवटपर्यंत ऐकूनच लॅपटॉप मिटतो.