इंजिन तापतंय, हीटर मात्र गार: माझा अनुभव

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा लाल खुणेला टेकायचा आणि हीटर गार हवा फेकायचा. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) बदलला, फॅन तपासला, बाटलीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरत राहिलो. महिनाभर नुसता वैताग.

खरं तर गार हीटर हीच खूण होती: गरम कूलंट हीटरच्या जाळीपर्यंत पोचतच नव्हतं. त्याआधी कूलंटचा होजपाइप बदलला होता, तेव्हा आत हवा अडकली होती.

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना (तापल्यावर झाकण उघडलं तर भाजतं), गाडी चढाला तोंड करून लावली, हँडब्रेक ओढला, चाकांमागे दगड. रेडिएटरचं झाकण काढलं, हीटर पूर्ण गरमवर, कूलंट काठोकाठ. मग इंजिन आयडलवर. फडक्यानं रेडिएटरचा वरचा होज दाबत राहिलो. बुडबुडे निघून पातळी उतरेल तेवढंच ओतायचं. वीसेक मिनिटांनी वरचा होज तापला, फॅन फिरला, हीटरमधून गरम झोत आला. बुडबुडे थांबल्यावरच झाकण लावलं. दुसऱ्या सकाळी बाटली खुणेपर्यंत भरली, पाव लिटर लागलं.

बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधली सील) तपासून घ्या. आणि सांडलेलं कूलंट लगेच धुवा. गोडसर असतं, कुत्री चाटतात, आणि ते विषारी आहे.