टायमिंगचा आकडा: मागणी की मोजमाप?

पुण्यात एम्बेडेडमध्ये (उपकरणांच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या कामात) नुकतीच लागलेली मुलं विचारतात, लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे: एखाद्या बस ड्रायव्हरच्या (चिप्सना जोडणाऱ्या तारा हाताळणाऱ्या कोडच्या) टायमिंग सेटिंग्जचं डॉक्युमेंटेशन स्पष्ट करा. काम किरकोळ वाटतं, पण ते नीट करायचं तर कोड, स्पेसिफिकेशन आणि बोर्ड, तिन्हींच्या खोलात शिरावं लागतं.

आयटूसी घ्या, म्हणजे दोन तारांवर चिप्सना एकमेकींशी बोलू देणारी बस. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, एससीएल या क्लॉक लाइनच्या फॉलिंग टाइमची (सिग्नल वरून खाली यायला लागणाऱ्या वेळेची) प्रॉपर्टी असते, नॅनोसेकंदांत. वर्णन जेमतेम एका ओळीचं. नवख्याला वाटतं, इथे १० लिहिलं की सिग्नल १० नॅनोसेकंदांत खाली येईल. सिग्नलला त्याचा पत्ताही नसतो! तो किती वेगाने पडेल हे चिप आणि लाइनचा कपॅसिटन्स ठरवतात. आपण फक्त बोर्डवर काय घडतंय ते ड्रायव्हरला कळवतो. डिझाइनवेअर या आयटूसी कंट्रोलरचा ड्रायव्हर हा आकडा क्लॉकच्या काउंटमध्ये (लाइन किती ठोके खाली ठेवायची त्या मोजणीत) मिळवतो, दिला नसेल तर ३०० धरतो. म्हणजे मनाने छोटा आकडा टाकला की काउंट घटतात आणि ४०० किलोहर्ट्झला लागणारा किमान १३०० नॅनोसेकंदांचा लो पिरियड (क्लॉक लाइन खाली राहण्याचा वेळ) अपुरा पडू शकतो. बसवरचा सेन्सर अधूनमधून उत्तर देत नाही आणि सगळे सेन्सरला दोष देतात.

डिव्हाइस ट्रीच्या त्याच नोडमधली (नोंदीतली) क्लॉक फ्रिक्वेन्सी मात्र खरोखर आपली मागणी असते. हा फरक डॉक्युमेंटेशनने सांगायलाच हवा. सोबत युनिट, डीफॉल्ट आणि तो आकडा कोणत्या गणितात जातो, हेही.

लिहिण्याआधी मोजा. आयटूसीचा राइज टाइम (सिग्नल खालून वर जायचा वेळ) व्होल्टेजच्या ३० ते ७० टक्क्यांमध्ये धरतात. बरेच स्कोप (ऑसिलोस्कोप) आपणहून १० ते ९० दाखवतात, ते बदलून घ्या. गणित सोपं आहे: ०.८४७३ गुणिले पुलअप (लाइन वर ओढणारा रेझिस्टर) गुणिले कपॅसिटन्स. ४.७ किलोओहम आणि १०० पिकोफॅरडला जवळपास ४०० नॅनोसेकंद येतात. फास्ट मोडची (४०० किलोहर्ट्झची) मर्यादा ३००. २.२ किलोओहमला १८६. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून दोन्ही रेझिस्टर आणा, बदलून बघा. वाचण्यापेक्षा हे जास्त पक्कं बसतं.

पॅच (कर्नलसाठी पाठवायचा बदल) लहान ठेवा. यामल बाइंडिंग (डिव्हाइस ट्रीच्या प्रॉपर्टींची नियमावली) असेल तर ती तपासणारं डीटी बाइंडिंग चेक चालवा, मेंटेनर (तो कोड सांभाळणारा) कोण ते स्क्रिप्टने काढा, ईमेल साध्या टेक्स्टमध्ये पाठवा. कमिट मेसेजमध्ये (पॅचसोबतच्या खुलाशात) जुन्या वाक्याचा कुठला चुकीचा अर्थ निघत होता ते लिहा, आणि कोणत्या बोर्डवर किती मोजलं तेही.