वाळवंटात पक्षी बघायला जायचंय? मग आधी बसायला शिका

आपल्या जळगाव-भुसावळकडच्या माणसाला उन्हाबद्दल कोणी काही सांगायला गेलं की तो आधी हसतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारी स्टेशनवर उभं राहिलेली माणसं आपण, आपल्याला काय राजस्थानचं कौतुक. मी पण असाच हसलो होतो. पहिल्यांदा जैसलमेरला गेलो तेव्हा अंगात भगवा टीशर्ट, पायात कॉलेजचे सपाट बूट, बॅगेत एक लिटरची बाटली आणि डोक्यात ही हवा, की दिवसाला पंधरा किलोमीटर चालू आणि संध्याकाळपर्यंत माळढोक (माळरानावरचा तो मोठा, दुर्मीळ पक्षी), गिधाडं, कोल्हे सगळं बघून होईल. दुपारी बारापर्यंत टाचांना फोड आले, पाणी संपलं, आणि पक्षी म्हणाल तर एक खाटीक आणि लांब पळणारे काही ठिपके. त्या रात्री थंडीनं दात वाजत होते ते वेगळंच, कारण मी फक्त पातळ शाल नेली होती. त्यानंतर तीन वेळा जाऊन आलोय, आता जरा कळायला लागलंय, म्हणून लिहितोय.

आधी जागेबद्दल. डेझर्ट नॅशनल पार्क जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय, ३१६२ चौरस किलोमीटर, १९८० पासूनचं. नावात नॅशनल पार्क असलं तरी कायद्यानं ते अभयारण्य आहे, आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, शेळ्या-मेंढ्या चरताना दिसतात. आणि फोटोत दिसतात तशा वाळूच्या टेकड्या सगळीकडे नाहीत बरं का, त्या साधारण पाचव्या हिश्शात, बाकी सगळं खडकाळ माळ, मुरूम, सेवण गवताचे पट्टे, मधेच खेजडीचं एखादं झाड (आपली शमी, दसऱ्याला पूजतो तीच), केर, बोर, रुई. पक्षी बघणाऱ्यानं टेकड्यांच्या मागे लागूच नये. टेकड्यांवर उंट, जीपा, डीजे आणि रील बनवणारे, पक्षी सगळे गवतात आणि मुरमाड माळावर.

जायचं नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. दिवसा तापमान पंचवीस डिग्रीच्या आसपास, पहाटे पाच डिग्रीच्याही खाली जातं कधी कधी, म्हणून स्वेटर, कानटोपी आणि एक जाड ब्लँकेट न विसरता. एप्रिलनंतर नकोच, आपण कितीही खान्देशी असलो तरी. आपल्याकडे उन्हात निदान लिंबाचं झाड, बांधावरचं आंब्याचं झाड, कोणाची तरी ओसरी सापडते, तिथे मैलोनमैल सावलीच नाही, आणि हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, जागच्या जागी उडून जातो, त्यामुळे माणसाला वाटतं आपण ठीक आहोत.

निघायच्या आधी महिनाभर घरीच प्रॅक्टिस करा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणीच ऐकत नाही. हतनूर धरणावर सगळे जातात, बदकं बघतात, फोटो काढतात, छानच आहे ते, पण वाळवंटासाठी त्याचा उपयोग कमी. त्यापेक्षा धुळे, साक्री, पारोळा बाजूचं एखादं उजाड माळरान पकडा, सकाळी सातला जाऊन एका दगडावर तासभर बसा, आणि मातीच्या रंगाचा चंडोल मातीत शोधून दाखवा. पहिल्या दिवशी एक पण दिसणार नाही. चौथ्या दिवशी सहा दिसतील, आणि ते पहिल्या दिवशीही तिथेच होते भो, आपले डोळे नव्हते.

जायला आपल्याकडून सोपं म्हणजे नवजीवन एक्सप्रेसनं भुसावळ, जळगाव नाहीतर नंदुरबारहून अहमदाबाद, तिथून जोधपूर, आणि जोधपूरहून जैसलमेर. जैसलमेर शहरातून सम नावाचं वाळूच्या टेकड्यांचं गाव ४० किलोमीटरच्या आसपास, आणि सुदासरी नावाचा जो पक्ष्यांसाठी मुख्य भाग आहे तो त्याच्या पुढे. सुदासरीला परवानगी लागते, ती वनखात्याच्या जैसलमेरच्या ऑफिसातून घ्यायची, आधार कार्ड ओरिजिनल जवळ ठेवा, आणि एक अख्खी सकाळ या कामाला राखून ठेवा, येताच निघू असं धरू नका. बॉर्डर जवळ असल्यामुळे काही रस्ते बंद असतात, ड्रोन अजिबात नेऊ नका, आणि जवान थांबवतील तिथे हुज्जत घालायची नाही. गाडीवाला ठरवताना त्याला पक्ष्यांची माहिती आहे का एवढंच विचारा. मला एका हॉटेलवाल्यानं "माळढोक गॅरंटी" म्हणून सफारी विकली होती आणि दिवसभर उंटाच्या शर्यतीच्या मैदानाला चकरा मारल्या, तेव्हा गॅरंटी शब्द ऐकला की तिथून उठायचं.

आता सामान. कपडे मातकट, खाकी, फिके, पूर्ण बाह्यांचे, सुती. भगवा, पांढरा, लाल नको. डोक्याला मोठा रुमाल, आमची आजी म्हणायची तसं, "डोकाले रुमाल बांध रे भो", टोपीपेक्षा रुमाल बरा कारण मान आणि कान दोन्ही झाकतात आणि वारा सुटला की तोंडावर ओढता येतो. बूट घोट्यापर्यंतचे आणि घरी महिनाभर वापरून मऊ केलेले, नवे बूट नेलेत तर माझ्यासारखे टाचांना फोड येतील. मोजे जाड, पण भुरट नावाचं एक काटेरी कुसळ तिथे आहे ते मोज्यात घुसतं आणि निघता निघत नाही, म्हणून पँट मोज्याच्या बाहेरून ठेवा आणि एक छोटा चिमटा खिशात असू द्या.

पाणी थंडीतसुद्धा माणशी तीन-चार लिटर, ते पण सोबत, गाडीत ठेवलेलं वेगळं. तहान लागायची वाट बघायची नाही, वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट. काही जण पाणी वाचवून वाचवून पितात आणि अर्धी बाटली भरलेली असताना चक्कर येऊन बसतात, असं करू नका, पाणी पोटात असलेलं बरं. सोबत ओआरएस ठेवा, पुड्या नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. डोकं ठणकतंय, मळमळतंय, बोलणं भरकटतंय असं सोबतच्या माणसाचं झालं तर तिथेच थांबा, गाडीची सावली करा, कपडे सैल, मानेला-काखेला ओला रुमाल, तो शुद्धीत नीट असेल तर घोट घोट पाणी, आणि गडबडल्यासारखं वागत असेल तर वाट न बघता दवाखाना. खायला आपल्या दशम्या सगळ्यात भारी, तीन दिवस काही होत नाही, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ. केळीचे वेफर्स घ्याच, पण केळी घेऊ नका, रावेरची कितीही चांगली असली तरी बॅगेत त्यांचं शिकरण होतं. ठेचा पण जपून, तहान लागते.

चालायचं कसं, तर कमी. आपल्याला सातपुड्यात चढायची सवय असते, वर पोचलो की जिंकलो असं डोक्यात असतं, वाळवंटात पोचायला काही नसतंच. सूर्य तिथे डिसेंबरात सव्वासात-साडेसातला उगवतो, आपल्यापेक्षा उशिरा, तेव्हा अंधारात निघून उजाडायला जागेवर असायचं. सूर्य पाठीशी ठेवून चालायचं, म्हणजे सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे, नाहीतर समोरचा प्रत्येक पक्षी काळा दिसेल. दोनशे पावलं चालायचं आणि दहा मिनिटं बसायचं, झुडपाला टेकून, कारण उभा माणूस त्या सपाटीवर विजेच्या खांबासारखा दिसतो. वाळूची टेकडी चढावीच लागली तर वाऱ्याकडच्या घट्ट बाजूनं किंवा धारेवरून चढा, दुसऱ्या उतरत्या बाजूला वाळू भुसभुशीत असते, एक पाऊल पुढे अर्धं मागे. आणि पावलांच्या ठशांवर परत येऊ असं मनात आणू नका, मी आणलं होतं, वाऱ्यानं वीस मिनिटांत पुसले, शेवटी लांब पवनचक्क्या दिसत होत्या त्यांच्या अंदाजानं गाडी सापडली. मोबाईलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, नकाशा आधीच डाउनलोड करून गाडीच्या जागेवर खूण करून ठेवा. काही भागात पायी फिरू देतच नाहीत, गाडीतूनच बघायचं, तिथे वनरक्षक सांगेल ते ऐका.

दुर्बीण ८ बाय ४२ (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर काचेची) पुरे. दुकानदार १० पटीची गळ्यात घालतो पण दहा वाजल्यानंतर जमीन तापून हवा थरथरते आणि जितकं मोठं करून बघाल तितकी थरथर पण मोठी होते. म्हणून बारीक पक्षी पहिल्या अडीच-तीन तासांत उरकायचे. मुरमाड माळावर धाविक शोधा, तो तुरुतुरु पळतो, थांबतो, ताठ उभा राहतो, परत पळतो, पळताना दिसतो आणि थांबला की गायब. रणगोजे (जमिनीवर फिरणारे छोटे मातकट पक्षी) दोन-तीन जातींचे सारखेच दिसतात, तर शेपटीकडे बघा, जवळजवळ अख्खी काळी शेपटी म्हणजे वाळवंटी रणगोजा, बुडाशी पांढरी आणि टोकाला काळा पट्टा म्हणजे इझाबेलिन रणगोजा. स्टोलिच्काचा गप्पीदास हा छोटा पक्षी हवा असेल तर झुडपाच्या शेंड्यावर, छाती फुगवून बसलेला. नऊच्या सुमाराला पाणवठ्यापाशी लांब बसून रहा, पखुर्ड्या थव्यानं पाणी प्यायला येतात, आधी आवाज येतो मग थवा. यांचे नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतात, सगळं वाळवंट एका बाजूला आणि ही गोष्ट एका बाजूला, माझ्या मते. दहा-अकराला हवा तापली की मान वर करा, गिधाडं आणि गरुड आता घिरट्या घ्यायला लागतात, युरेशियन ग्रिफन, काळं गिधाड, स्टेप गरुड. दुपारी झोपा. चारनंतर परत, तेव्हा चिंकारा आणि नशीब असेल तर वाळवंटी कोल्हा.

माळढोक. नाव आपलं मराठी, सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ पासून अभयारण्य, आणि आता तिथे तो दिसणं जवळपास संपलंच. जगात उरलेत दीडशेच्या आत आणि त्यातले बहुतेक याच जैसलमेरच्या भागात, तिथे त्याला गोडावण म्हणतात. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत, आणि एवढा मोठा पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतो कारण डोळे बाजूला असल्यामुळे उडताना समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि वजनामुळे ऐनवेळी वळता येत नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखाली घालायचा आदेश दिला होता, २०२४ ला तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. तुम्ही करायचं एवढंच, की दिसला तर गाडी थांबवायची, इंजिन बंद, खाली उतरायचं नाही, त्यानं मान उंच ताणून तुमच्याकडे बघायला सुरुवात केली म्हणजे तुम्ही जास्त जवळ आलात. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवायचा नाही. अंडं एकच घालतो आणि ते पण उघड्या जमिनीवर, म्हणून रस्ता सोडून गाडी घालायची नाही, आणि जागेचं लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही. मला तिसऱ्या वेळेस दिसला, सेवण गवतात, लांब, चार मिनिटं.

रात्री टॉर्चशिवाय तंबूबाहेर पाऊल नको, फुरसं हा विषारी साप तिथे पण आहे आणि ते वाळूत अंग लपवून बसतं. सकाळी बूट उलटे करून झटकायचे, विंचवासाठी.

आणि वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, किती, काय करत होता. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह टाका, लिस्ट वाढवायला थापा मारू नका. हे मी जरा जोरात सांगतो कारण आपल्या खान्देशचाच किस्सा आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला नक्की सापडला नव्हता, आणि माइनरट्झहागेन नावाच्या इंग्रज साहेबानं चोरलेल्या नमुन्यावर (जपून ठेवलेल्या मेलेल्या पक्ष्यावर) १९१४, मांडवी, गुजरात अशी खोटी चिठ्ठी लावून ठेवलेली. ती खोटी निघाल्यावर पामेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षीतज्ज्ञ आणि तिच्या साथीदारांनी खऱ्या जुन्या नमुन्यांच्या जागा धरून शोधलं आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षी मिळाला आपल्या शहाद्याजवळ, ११३ वर्षांनी. एका खोट्या चिठ्ठीनं किती लोक चुकीच्या रानात फिरले असतील.

येताना वेळ असेल तर जोधपूरच्या वाटेवर फलोदीला उतरा, तिथून जवळ खीचन गाव आहे, हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे, तिकडचे कुरजां, गावकऱ्यांनी टाकलेलं धान्य खायला सकाळी उतरतात. चालायचं नाही, शोधायचं नाही, लांबून शांत बघायचं, दुखऱ्या टाचांना पण आराम.

घरी आल्यावर दुर्बिणीची काच रुमालानं पुसू नका, वाळूचा कण घासला की रेघ कायमची. आधी ब्लोअरनं हवा मारा, मग मऊ ब्रश, मग कापड. माझ्या जुन्या दुर्बिणीच्या डाव्या काचेवर अशी एक रेघ आहे, त्या पहिल्या ट्रिपची, भगव्या टीशर्टनं पुसल्याची.