कमी आलेलं सॅम्पल

लॅब इनचार्ज म्हणजे मशीन सांभाळायची, असं वाटत असेल तर आधी ते डोक्यातून काढा. मशीन बिघडली तर इंजिनिअर येतो. माणसं मात्र तुम्हालाच सांभाळायची आहेत: सॅम्पल आणणारे मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी, रात्रपाळीचा पोरगा. डीएमएलटीत, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमात, हे कोणी शिकवत नाही.

मी बेळगावात एका हॉस्पिटलात इनचार्ज झाले तेव्हा सॅम्पल आणणारे अण्णा माझ्या वडिलांच्या वयाचे होते. बैलहोंगलकडचे, घरी कन्नड. मराठी त्यांना समजायचं, बोलताना अडायचे. माझं कन्नड बाजारहाटापुरतं.

वॉर्डातून सारखी अर्धवट भरलेली ट्यूब यायची. परत रक्त काढायला सांगितलं की नर्सची बोलणी अण्णांनाच. एक दिवस वैतागून मी सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं, "यापुढं कमी सॅम्पल आणलंत तर घेणार नाही." ते म्हणाले, "आयतु री मॅडम," म्हणजे ठीक आहे. मला वाटलं, विषय मिटला.

पंधरा दिवसांनी एका बाईंचं पोटॅशियम आलं 9.8, कॅल्शियम 4.2, दोन्ही जीवघेणे आकडे. घाईत होते, रिपोर्ट मीच सोडला. दहा मिनिटांत डॉक्टरांचा फोन: "पेशंट कॉटवर बसून चहा पितेय, ईसीजी नॉर्मल आहे. काय पाठवलंय हे?" नवं सॅम्पल घेतलं. पोटॅशियम 4.3.

नीट समजून घ्या, कारण हे तुमच्याकडेही होणार. पिवळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त कमी होतं. अण्णांनी जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधलं थोडं तिच्यात ओतून ती भरली होती. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए हे रसायन पोटॅशियमचाच क्षार असतं, आणि ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून तर त्यातलं रक्त गोठत नाही. म्हणजे पोटॅशियम खोटं वर जातं, कॅल्शियम खोटं खाली येतं, बहुतेकदा अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइमही खाली पडतं. हे तिन्ही एकत्र दिसले की पेशंटच्या आधी ट्यूबवर संशय घ्या. रिपोर्ट अडवून ठेवा, वॉर्डात फोन करा. डॉक्टरांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवून औषध दिलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मला कितीतरी रात्री झोप आली नाही.

अण्णांना ईडीटीए माहीत नव्हतं, हा त्यांचा दोष नाही. कमी सॅम्पल चालणार नाही, हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं, कारण ते मीच ओरडून सांगितलं होतं. चारचौघांत बोललात की माणूस चूक करायचा थांबत नाही, लपवायला शिकतो. लॅबमध्ये लपलेली चूक रिपोर्टवर छापून पेशंटच्या हातात जाते.

नोटीस लावू नका, निदान आधी तरी नको. आणि "समजलं का?" हा प्रश्न तर विचारूच नका, मान सगळेच हलवतात, त्यात भाषा अर्धी कळलेली असली तर जास्तच. "करून दाखवा" म्हणा. जांभळी ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटी-सुलटी करायची, जोरात हलवायची नाही, हे अण्णा मला करून दाखवायला लागले, तेव्हा मला त्यांना आधी काय कळलं नव्हतं ते कळलं.

बाकीचं तुम्ही शिकालच. लाल, पिवळ्या पिशव्या, सुया पांढऱ्या डब्यात, कचरा 48 तासांच्या आत बाहेर. एक मात्र पहिल्याच आठवड्यात बघा: मावशींना हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का? बऱ्याच ठिकाणी टेक्निशियनना देतात, मावशींना विसरतात. सुई टोचली तर तासाभरात सांगायचं, रागावणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

कॉर्पोरेट लॅबचे दोन दिवसांचे लीडरशिप कोर्स येतात, त्यावर पैसे घालू नका. तुमच्या लॅबमधला सगळ्यात जुना मामा गाठा. कुठल्या वॉर्डात फॉर्म अर्धवट भरतात, कुठे दोन पाटील शेजारच्या कॉटवर आहेत, हे त्याला पॅथॉलॉजिस्टपेक्षा आधी कळतं.

पहिले सहा महिने घरी येऊन रडू येईल. येऊ दे. मलाही आलं, तरी लॅब चालली.

आता माझ्या टेबलावर एक निळा ट्रे आहे, कमी आलेल्या सॅम्पलांसाठी. त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. परवा अण्णांनी त्यात एक ट्यूब ठेवली आणि म्हणाले, "अक्का, कमी आलंय. वॉर्डात मीच सांगून येतो."