जिनोमिक डेटा मागताय? मग या चुका टाळा

'डाउनलोडचं बटण सापडत नाहीये' असा मेल आला की पाठवणारा नवा आहे हे मला पहिल्या ओळीतच कळतं. पेपरमधून उचललेला अ‍ॅक्सेशन नंबर, म्हणजे त्या डेटाचा नोंदणी क्रमांक, हातात आहे, गाइडनी सोमवारपर्यंत प्लॉट मागितलाय. बाबा रे, बटण नाहीच आहे. अमेरिकेचा डीबीगॅप असो की युरोपातला ईजीए, या डेटासाठ्यांत माणसांचा व्यक्तिगणिक जनुकीय डेटा कुलपात असतो आणि अर्ज, समिती, करार हे सगळं पार केल्याशिवाय किल्ली मिळत नाही. आमच्या लॅबचे असे अर्ज वर्षानुवर्षं मीच भरतेय. चुका मात्र त्याच त्या.

संमती न वाचताच अर्ज ठोकणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका अभ्यासातला सगळा डेटा एकाच अटीवर मिळतो, असं लोक गृहीत धरतात. प्रत्यक्षात लोकांनी रक्त देताना ज्यावर सही केली, त्यानुसार त्यांचे गट पडलेले असतात. जीआरयू म्हणजे सर्वसाधारण संशोधनाला मोकळा. एचएमबी म्हणजे फक्त आरोग्याशी संबंधित प्रश्न. लोकसमूहांचं मूळ शोधायचं असेल तर हा गट तुमच्यासाठी नाही. डीएस म्हणजे एखाद्या ठरावीक आजारापुरताच. त्यापुढे शेपट्या: एनपीयू असेल तर नफ्यासाठी वापर नाही, आयआरबी असेल तर नीतिसमितीचं पत्र जोडा.

हे सगळं मला पाठ आहे, कारण मी स्वतः तोंडावर आपटलेय. हृदयविकाराच्या एका प्रकल्पासाठी आम्हाला कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी निरोगी माणसं, हवे होते. मधुमेहाच्या एका अभ्यासात ते भरपूर होते. अर्ज केला, तीन आठवड्यांनी परत. गट डीएसचा, फक्त मधुमेहासाठी. 'पण ही माणसं तर निरोगी आहेत ना?' आमच्या पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडी झालेल्या संशोधकाचा, त्रागा. आहेत की! पण सही त्यांनीही त्याच कागदावर केलीय. मग आम्ही हुशारी केली. 'मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो' असं एक वाक्य घुसडलं आणि अर्ज पुन्हा पाठवला. पुन्हा परत, आणि या वेळी शेरा अर्ध्या ओळीचा. वाक्य खरंच होतं, पण आमचा प्रश्न मधुमेहाचा नव्हता, आणि समितीतली माणसं अर्ज वाचतात. शेवटी दुसऱ्या अभ्यासातला जीआरयू गट मागितला, तो मिळाला. दोन महिने गेले ते गेलेच.

तेव्हापासून फॉर्म उघडण्याआधी मी एक कागद घेते. डावीकडे प्रत्येक गटाचा कोड आणि शेपट्या, उजवीकडे आमचा प्रश्न त्यात कसा बसतो ते एका ओळीत. ओळ लिहिताना पेन अडखळलं तर तो गट मागायचाच नाही. याला पद्धत वगैरे म्हणू नका, खोड म्हणा.

ग्रँटच्या (संशोधन निधीच्या) अर्जाचा मजकूर जसाच्या तसा चिकटवणे

समितीला तुमच्या क्षेत्राचा इतिहास नको असतो. कोणता डेटा, कशासाठी, कोणत्या पद्धतीने, बाहेरचं कोणी सोबत आहे का, एवढं लिहा. सामान्य वाचकासाठीचा सारांश वेगळा मागतात, तोही स्वतः लिहा.

पोस्टडॉकने स्वतःच्या नावाने अर्ज करणे

डीबीगॅपमध्ये अर्ज मुख्य संशोधकाचा आणि त्यावर सही संस्थेच्या अधिकृत अधिकाऱ्याची. तो अधिकारी रजेवर कधी आहे ते आधी विचारून ठेवा.

ईजीएच्या हेल्पडेस्ककडे परवानगी मागणे

ईजीए डेटा फक्त सांभाळते. द्यायचा की नाही हे त्या डेटासेटची समिती ठरवते, आणि 'समिती' म्हणजे कधीकधी कामात बुडालेले दोनच शास्त्रज्ञ. सौम्य आठवण करा, दोन आठवड्यांनी पुन्हा करा. रोज मेल करणाऱ्याला उशिरा उत्तर मिळतं, हा माझा संशय आहे.

'नावं तर काढलेलीच आहेत'

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. २००८ पर्यंत अशा अभ्यासांतले अ‍ॅलीलचे (जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांचे) एकत्रित आकडे सर्रास उघडे ठेवलेले असायचे. त्या वर्षी होमर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की एखाद्याचा जीनोटाइप (त्याच्याकडे कोणती रूपं आहेत त्याची यादी) हातात असेल, तर तो माणूस त्या गर्दीत आहे का हे निव्वळ आकड्यांवरूनही ओळखता येतं. अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे डीबीगॅप चालवणाऱ्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने, तेव्हा ते आकडेसुद्धा कुलपात घातले. नुसत्या सरासरीची ही गत, तर तुमच्या लॅपटॉपवरच्या व्हीसीएफ फाइलचं, म्हणजे माणसागणिक जनुकीय फरकांच्या यादीचं, काय?

म्हणूनच प्रत्येक कॉपीचा हिशोब ठेवा. मंजुरीपेक्षा जास्त लोक इथे फसतात, फक्त ते उशिरा उघडकीला येतं. डीबीगॅपची मंजुरी वर्षाची असते. पुढे नूतनीकरण करा, नाहीतर प्रकल्प बंद करून डेटा नष्ट केल्याचं लिहून द्या. असंच एकदा लिहून द्यायच्या आदल्या संध्याकाळी सहज म्हणून सर्व्हरवर एक नमुना-क्रमांक शोधला. मूळ फोल्डर रिकामा होता. पण स्क्रॅचमध्ये (सर्व्हरवरच्या तात्पुरत्या जागेत) 'टेंप_नको' नावाच्या फोल्डरात पूर्ण व्हीसीएफ, कोडच्या एका नोटबुकच्या आउटपुटमध्ये चाळीस जणांचे जीनोटाइप, आणि लॅब सोडून गेलेल्या मुलाच्या हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत. त्या मुलाला रात्री फोन लावला. बिचारा म्हणाला, 'ताई, बॅकअप म्हणून ठेवलं होतं.'

आता एकच फोल्डर, त्याचा वेगळा यूझर ग्रुप, आणि आत एक साधी टेक्स्ट फाइल: कोणी, कधी, कुठे प्रत केली. फाइलमधून गाळून काढलेली व्यक्तिगणिक माहितीही डेटाच, तिचीही नोंद. दुसऱ्या संस्थेतल्या मित्राला 'फक्त एक क्रोमोसोम' सुद्धा नाही, त्याच्या संस्थेने स्वतःचा अर्ज करावा. चॅटबॉटला एरर दाखवताना चार ओळी जीनोटाइप चिकटवणाऱ्यांनाही हेच लागू. आणि २५ जानेवारी २०२५ पासून एनआयएचच्या नव्या किंवा नूतनीकरण झालेल्या मंजुऱ्यांसाठी यंत्रणा एनआयएसटी ८००-१७१ या सुरक्षा मानकाला धरून असावी लागते, त्यामुळे टेबलाखालचा लॅबचा जुना सर्व्हर विसरा. आयटीवाल्यांना मंजुरीनंतर नव्हे, अर्जाआधी भेटा.

उरलेलं, पटापट

रिपॉझिटरी की म्हणजे डीबीगॅपचा डेटा उघडणारी एनजीसी फाइल, गिटमध्ये (सगळ्यांच्या कोडच्या साठ्यात) टाकू नका. डाउनलोड करणारा प्रीफेच प्रोग्रॅम 'परवानगी नाही' म्हणत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही तीच फाइल द्यायला विसरलेले असता, किंवा ती दुसऱ्याच प्रकल्पाची असते.

डाउनलोड झालं की चेकसम (फाइल पूर्ण आहे का ते सांगणारा आकडा) तपासा. अर्धवट उतरलेली बॅम फाइल (वाचलेल्या डीएनए तुकड्यांची) कधीकधी निमूट उघडते आणि तिसऱ्या दिवशी रडवते.

तीसपट खोलीच्या, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी तीसदा वाचलेल्या, एका जीनोमची बॅम साधारण १०० जीबी. हजार माणसं म्हणजे १०० टीबी. आधी डिस्क मोजा, आणि तुमचा प्रश्न व्हीसीएफवर सुटत असेल तर बॅम मागूच नका. यूके बायोबँक या ब्रिटनच्या आरोग्य डेटासाठ्यात पाच लाख लोक आहेत आणि तिथलं काम आता त्यांच्याच क्लाउडवर चालतं; डेटा तिथेच राहतो, तुम्ही निकाल घेऊन येता. तिथूनही फाइल बाहेर काढायची युक्ती विचारायला गेल्या महिन्यात एकजण माझ्याकडे आला होता. त्याला मी वरची हार्ड डिस्कची गोष्ट सांगितली, ती ऐकून तो पुन्हा म्हणाला, 'पण ताई, फक्त एकच फाइल.'