मधपेटीतले ब्रूडचे रोग ओळखायला कामगारांना कसे शिकवावे

रोगांची नावे तोंडपाठ असलेला माणूसही चौकटीवरची, म्हणजे पेटीत उभ्या टांगलेल्या पोळ्याच्या लाकडी चौकटीवरची, रोगट अळी सहज नजरेआड करतो. त्याने निरोगी अळ्या पुरेशा पाहिलेल्या नसतात, हे त्याचे कारण. म्हणून शिकवायची सुरुवात रोगांपासून करू नका.

आधी निरोगी ब्रूड

ब्रूड म्हणजे पोळ्यातली अंडी, अळ्या आणि कोष. पहिले दोन-तीन आठवडे नव्या माणसाला फक्त निरोगी पेट्या उघडू द्या. सूर्य पाठीशी घेऊन चौकट अशी तिरकी धरायला शिकवा की उजेड पोळ्यातल्या षटकोनी घरांच्या तळापर्यंत पोचेल. मग काय दिसते ते मोठ्याने सांगायला लावा. मोत्यासारखी पांढरी, ओलसर चकाकणारी, घराच्या तळाशी वळून पडलेली अळी त्याच्या डोळ्यांत इतकी बसली पाहिजे की वेगळी दिसणारी एकही खटकेल. बंद घरांची झाकणे कोरडी आणि किंचित फुगीर असतात, तेही पाहून घेऊ द्या.

युरोपीय मधमाशीच्या कामकरी माशीचे वेळापत्रक मात्र पाठच करून घ्या: अंडे 3 दिवस, उघडी अळी साधारण 6 दिवस, मग झाकणाआड 12 दिवस. अळी झाकण लागण्याआधी मेली की नंतर, हा पुढचा सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे.

माश्या झटकल्याशिवाय तपासणी नाही

माश्यांनी झाकलेल्या चौकटीवर रोग दिसत नाही. आधी राणी शोधून ती असलेली चौकट बाजूला ठेवायची, मग बाकीच्या चौकटी पेटीतच खाली धरून एका झटक्यात माश्या पाडायच्या. नवी राणी वाढत असलेले घर ज्या चौकटीवर आहे तिला झटका देऊ नका, ब्रशने माश्या सारा. ब्रूडला 34-35 अंश सेल्सिअस ऊब लागते, त्यामुळे चौकट हातात घेऊन गप्पा नकोत.

संशयाच्या खुणा

सर्वांत घातक अमेरिकन फाउलब्रूड. हा जिवाणूजन्य रोग आहे आणि त्यात अळी बहुधा झाकण लागल्यानंतर मरते. झाकण काळपट, तेलकट, खोलगट होते आणि त्यावर वेडीवाकडी भोके पडतात. इथे नवखे हमखास गोंधळतात, कारण माश्या झाकण बांधत असतानाही मध्ये भोक असतेच. ते गोल आणि गुळगुळीत कडेचे असते. कुरतडल्यासारखे दिसले तर घर उघडायचे.

आगपेटीच्या काडीचे लाकडी टोक आत घालून हलकेच फिरवा आणि सावकाश बाहेर ओढा. तपकिरी चिकट तार 2-3 सेंटिमीटर ताणली गेली तर संशय पक्का धरा. काडी जमिनीवर टाकू नका, पेटत्या स्मोकरमध्ये (माश्यांना धूर द्यायच्या डब्यात) टाका. जुन्या रोगात हाच अंश वाळून घराच्या खालच्या भिंतीला काळी खपली होऊन घट्ट चिकटतो. ती शोधायची तर चौकटीची वरची पट्टी आपल्याकडे कलवून पाहावे लागते. या जिवाणूचे बीजाणू 35 वर्षांहून अधिक काळ टिकतात आणि प्रतिजैविकांनी मरत नाहीत, हे प्रत्येकाला कळले की रिकामी जुनी चौकटही कोणी निष्काळजीपणे उचलत नाही.

युरोपियन फाउलब्रूडमध्ये अळी बहुधा उघड्या घरातच मरते. ती पिवळसर पडते, आडवीतिडवी वळलेली असते, खपली सहज सुटते. सॅकब्रूडमधली मेलेली अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अखंड बाहेर निघते. चॉकब्रूड ओळखणे सोपे: अळ्या खडूसारख्या कडक होतात आणि बंद घरांत असल्या की चौकट हलवल्यावर खुळखुळतात. व्हरोआ माइट, म्हणजे माश्यांवर आणि ब्रूडवर जगणारे बारीक परजीवी, वाढल्यावरही ब्रूड विस्कळीत दिसते, म्हणून त्यांची मोजणी सोबत करा. सरावासाठी रोगट पोळी निरोगी पेट्यांजवळ आणू नका. मोठे, स्पष्ट फोटो पुरतात.

निदान नको, वर्णन हवे

कामगाराने रोगाचे नाव सांगायची गरज नाही. पेटी आणि चौकट क्रमांक, घर उघडे की बंद, अळीचा रंग, वास, तार आली का, एवढे त्याने लिहावे. नक्की निदान प्रयोगशाळा करेल. मग पेटी बंद करायची, खूण लावायची, तिथली एकही चौकट हलवायची नाही. पेटी आणि चौकटी उचकटायची पटाशी ज्वाळेत तापवायची, हातमोजे बदलायचे आणि लगेच कळवायचे. अनेक देशांत फाउलब्रूडची माहिती सरकारी यंत्रणेला देणे बंधनकारक आहे, ती जबाबदारी मालकाची.

आमच्याकडे एका नव्या मुलाला झाकणांवर दोन भोके दिसली होती. चुकलो तर बोलणी बसतील म्हणून तो गप्प राहिला आणि ती चौकट दुसऱ्या पेटीत गेली. त्यानंतर मी खोट्या संशयाबद्दल कोणालाही रागावलो नाही. आता दर महिन्याला दोघे जण एकच चौकट वेगवेगळी तपासून आपापले टिपण लिहितात. टिपणे जुळली नाहीत की आम्ही तिघे पुन्हा त्याच चौकटीपाशी जातो.