नेट बंद पडलं की दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतं, तरी एकही पान उघडत नाही. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की मशीन राउटरशी जोडलेलं आहे. राउटरच्या पुढे नेट चालू आहे की नाही, हे त्यावरून नेहमी कळत नाही. म्हणून तपासणी आपल्या मशीनपासून सुरू करायची आणि एकेक टप्पा बाहेर सरकायचं. नेटवर्किंगचे निम्मे शब्द याच वाटेवर भेटतात.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, 'आयपीकॉन्फिग' टाइप करा आणि एंटर दाबा. (कमांड आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे.) तीन ओळी बघायच्या: आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे.

आयपी अ‍ॅड्रेस हा नेटवर्कमधला मशीनचा पत्ता. त्यात ० ते २५५ मधले चार आकडे असतात. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे, तसंच १७२.१६ ते १७२.३१ मधले पत्ते खाजगी असतात आणि इंटरनेटवर चालत नाहीत. राउटर सगळ्या मशीनची ये-जा बाहेरच्या एकाच पत्त्यावरून करतो, त्याला नॅट म्हणतात. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे नेटवर्कचे आणि शेवटचा मशीनचा. अशा नेटवर्कमध्ये २५६ पैकी २५४ पत्ते वापरता येतात, कारण पहिला नेटवर्कच्या नावे जातो आणि शेवटचा ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम संदेश पाठवायला, राखीव असतो. गेटवे म्हणजे बाहेर पडायचं दार, बहुतेक वेळा राउटरच.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पुढे जाऊच नका, दोष इथेच आहे. पत्ते वाटण्याचं काम डीएचसीपी करतं आणि ते सहसा राउटरमध्येच चालू असतं. त्याच्याकडून उत्तर आलं नाही की मशीन स्वतःच असा पत्ता घेऊन बसतं. केबल घट्ट बसवा किंवा वायफाय तोडून परत जोडा. मग 'आयपीकॉन्फिग'पुढे जागा सोडून 'स्लॅश रिलीज' आणि नंतर 'स्लॅश रिन्यू' द्या. स्लॅश चिन्हानेच लिहायचा. तरीही तोच पत्ता आला तर राउटर बंद करून चालू करा.

पत्ता ठीक असेल तर गेटवेला पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघा, उदाहरणार्थ 'पिंग १९२.१६८.१.१'. केबलवर उत्तर १ मिलीसेकंदाच्या आसपास येतं, वायफायवर थोडं जास्त. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' (वेळेत उत्तर आलं नाही) असं दिसलं तर दोष बहुधा मशीन आणि राउटर यांच्यामध्येच आहे. 'बहुधा' अशासाठी, की काही राउटर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत.

आता ८.८.८.८ ला पिंग करा. हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता. गेटवे बोलतो पण हे बोलत नाही, म्हणजे अडचण राउटरच्या पुढे आहे. मोडेमचे (कंपनीची लाइन ज्यात येते त्या डब्याचे) दिवे बघा आणि नेट देणाऱ्या कंपनीला फोन करा. मशीनची सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही.

८.८.८.८ उत्तर देतं, पण साइटच्या नावाने काहीच उघडत नाही? मग दोष डीएनएसचा. नावावरून आयपी अ‍ॅड्रेस शोधून देणं हे त्याचं काम. मशीनच्या नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) किंवा ८.८.८.८ (गूगलचा) टाकून बघा.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो रेंज वाढवायला जोडलेला जुना राउटर. तोही पत्ते वाटू लागतो. काही मशीनना त्याचा पत्ता आणि चुकीचा गेटवे मिळतो, आणि नेट कधी चालतं, कधी नाही. जोडण्यापूर्वी त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला मुख्य राउटरच्या नेटवर्कमधला पण दुसऱ्या कोणाकडे नसलेला पत्ता द्या आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) नव्हे, लॅन (घरातल्या मशीनच्या) पोर्टमध्ये लावा.

नेट चालू आहे पण संथ वाटतं, तेव्हा आधी एकक बघा. कंपनी मेगाबिट सांगते, डाउनलोडची खिडकी बहुधा मेगाबाइट दाखवते. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर आकडा जाणारच नाही. पण जोडणी त्याहून वेगवान असूनही केबलवर वेग १०० मेगाबिटच्या आतच अडकत असेल, तर केबलवर संशय घ्या. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात. एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप खालच्या वेगावर येते आणि चालू राहते, त्यामुळे दोष लवकर लक्षात येत नाही.